नासलेलं दूध कोणाच्या खात्यावर?

हे प्रकरण एका दूध उत्पादक संस्थेचं आहे. संस्थेचं, गावाचं, माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत आणि आकडे ढोबळ केले आहेत. पैशाचा हिशेब मुद्दाम लिटरमध्ये मांडला आहे, कारण दर बदलत राहतो आणि वाचणारा दरातच अडकून पडतो.

मला बोलावलं होतं ते एका प्रश्नासाठी: ‘आमची तरुण पोरं दूधविक्रीत टिकत का नाहीत?’ प्रश्न विचारणाऱ्यांनी उत्तरही तयार ठेवलं होतं. पोरांना कष्ट नकोत.

पार्श्वभूमी

संस्थेचे दीडशेच्या आसपास सभासद. दोन्ही वेळचं मिळून संकलन १,४०० लिटर. बल्क कूलर म्हणजे दूध थंड ठेवायची मोठी टाकी आहे, फॅट मोजायचं यंत्र आहे, सचिव जुना आणि हिशेबाला चोख. सगळं दूध एका प्रक्रिया प्रकल्पाला जायचं. पुष्टकाळात, म्हणजे जनावरं भरपूर दूध देतात तेव्हा, दूध वाढलं की प्रकल्प हात आखडता घ्यायचा, कृशकाळात, म्हणजे दूध आटतं तेव्हा, तोच प्रकल्प ‘दूध वाढवा’ म्हणून मागे लागायचा. दुधात जवळपास ८७ टक्के पाणी आणि उरलेल्यात जिवाणूंना हवं ते सगळं. भाव पटला नाही म्हणून ते चार दिवस कोठारात ठेवता येत नाही. त्यामुळे घासाघीस करताना दूधवाल्याचा हात नेहमी खालीच असतो.

यावर समितीनं उपाय काढला की तीसेक टक्के दूध जवळच्या शहरात थेट घरोघरी विकायचं. त्यासाठी सभासदांच्या घरातली आठ मुलंमुली निवडली, वयं १९ ते २६. सात जणांना प्रत्येकी ६० लिटरची लाइन, म्हणजे घरोघर दूध घालायची फेरी, दिली, म्हणजे दिवसाला ४२० लिटर. या सातांत एक मुलगी होती. आठवी मुलगी संकलन केंद्रावर तपासणीच्या टेबलाला बसली.

अटी साध्या वाटाव्यात अशाच होत्या. गाडी आणि इंधन ज्याचं त्याचं. विक्रीदराचा आठवा हिस्सा विकणाऱ्याचा, उरलेले सात संस्थेचे. भरणा दर दहा दिवसांनी, कारण संस्था सभासदांना दर दहा दिवसांनी बिल देते. गिऱ्हाईक जोडायचं पोरानं, वसुली पोरानं करायची, आणि भरणा कमी पडला तर तेवढी रक्कम वडिलांच्या दुधाच्या बिलातून कापायची.

हे शेवटचं कलम ठरावात एका ओळीत आहे. वाचताना मीसुद्धा त्यावरून पुढे गेलो होतो.

पहिले दोन महिने सगळं झकास चाललं. ओळखीच्या घरांतून रतीब लागले, पोरांनी फोनवर गिऱ्हाइकांचे गट केले, उद्या किती लिटर जास्त लागेल हे आदल्या रात्रीच कळू लागलं. असला अंदाज समितीला कधी जमला नव्हता.

अडचण

पाचव्या महिन्याच्या शेवटी आठातले तिघं उरले: तपासणीची मुलगी, एक मुलगा, आणि दुसरा असा मुलगा की ज्याचे वडील समितीत होते. ‘मी सोडलं तर घरात जेवायला कोण बोलावणार?’ असं तो हसत म्हणाला. त्याला मी टिकलेल्यांत धरत नाही.

सोडून गेलेल्या पाचही जणांना मी एकेकटं गाठलं. समितीतल्या कोणीही हे केलं नव्हतं. पाचांपैकी एकजण पार्सलच्या गोदामात रात्रपाळीला जात होता. दुसरा पहाटे तीनला भाजीच्या गाड्या उतरवायचा. तिसरा टेम्पोवर, ज्याला वेळ म्हणून नाहीच. म्हणजे लवकर उठण्याचा, अंगमेहनतीचा कंटाळा हे कारण पहिल्याच दिवशी बाद झालं. गोदामातल्या मुलाचं एक वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे: ‘तिथं रात्री अकराला जातो, सकाळी सातला सुटतो. दुधात सुटका नव्हती.’

ही सुटका तीन ठिकाणी अडत होती.

पहिलं ठिकाण, खाडा. जनावराला सुट्टी नसते, म्हणून लाइनीलाही नाही. एक दिवस दूध पोचलं नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडून घेतं, आणि दोनदा झालं तर तिकडेच राहतं. सकाळी चार ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ. मधला वेळ मोकळा खरा, पण त्या वेळेत ना दुसरं काम मिळतं ना नीट झोप. एकाला संध्याकाळचा अभ्यासवर्ग सोडावा लागला होता.

दुसरं ठिकाण, उधारी. रतीबाचं गिऱ्हाईक महिना भरल्यावर पैसे देतं. संस्थेला दहा दिवसांनी भरणा हवा. रोजचे ६० लिटर धरले तर दहाव्या दिवशी ६०० लिटरचा भरणा, हातात आलेलं काही नाही. विसाव्या दिवशी आणखी ६००, तिसाव्याला आणखी ६००. सगळं गिऱ्हाईक महिन्याचं असेल तर पहिला पैसा दिसायच्या आत १,८०० लिटर दुधाचं भांडवल पोरानं उभं करायचं. वीस वर्षांच्या मुलाकडे ते असतं कुठे? मग वडिलांच्या बिलातून कपात व्हायची, घरी रोजची कटकट, आणि मुलगा कमावत असूनही घरात देणेकरी ठरायचा.

लाइनवरच्या मुलीचं ऐकून मी थोडा खजील झालो. तिनं सोडलं ते पहाटेच्या अंधारामुळे असं सगळे सांगत होते, आणि मीही ते मनात पक्कं करूनच तिच्याकडे गेलो होतो. ती म्हणाली, ‘अंधाराची भीती मला नव्हती, घरच्यांना होती, आणि तीही महिन्याभरात गेली. सोडलं ते वसुलीमुळे. माझ्याकडून दूध घ्यायला सगळे तयार. पैसे मागितले की म्हणायचे, वडिलांना पाठव, त्यांच्याशी हिशेब करू.’ तिची थकबाकी बाकीच्या सहाजणांपेक्षा जास्त होती आणि कारण वहीत कुठंच दिसत नव्हतं.

तिसरं ठिकाण म्हणजे नासलेलं दूध. त्यावर जरा थांबायला हवं.

तिसऱ्या महिन्यातली एक सकाळ

उन्हाळा सुरू झाला होता. एका जुन्या सभासदाचा कॅन टेबलावर आला. तपासणीच्या मुलीनं अल्कोहोलची चाचणी लावली. ही चाचणी सोपी आहे: दूध आणि साधारण ६८ टक्क्यांचं अल्कोहोल सारख्या प्रमाणात घ्यायचं आणि हलवायचं. कडेला बारीक कण धरले तर समजायचं की दुधाची आम्लता वाढली आहे आणि ते तापवलं की फाटेल. चिकाचं दूध किंवा कासेला सूज असलेल्या जनावराचं दूधही असे कण दाखवतं, पण या कॅनची गोष्ट सरळ होती. रात्रीचं, थंड न केलेलं दूध सकाळच्या ताज्या दुधात ओतलं होतं. वरून कॅन अरुंद तोंडाचा, प्लास्टिकचा, ज्याच्या आत हात जात नाही आणि म्हणून तो कधी घासलाही जात नाही.

‘काका, हे घेता येणार नाही.’

काकांनी तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्षांनी तिला सांगितलं, ‘आजच्या दिवस घे. त्यांच्याशी मी बोलतो.’

तिनं दूध घेतलं. नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘चाचणी नापास. अध्यक्षांच्या फोनवरून घेतले.’

ते दूध इतरांच्या दुधात मिसळून ४० लिटरच्या एका कॅनमध्ये गेलं आणि तो कॅन एका मुलाच्या लाइनीवर. थेट विक्रीचं सकाळचं दूध कूलरमधून जात नव्हतं, कारण ‘ताजं, धारोष्ण’ ही तर जाहिरात होती. नऊच्या सुमाराला फोन सुरू झाले. वीसेक घरांत दूध फाटलं होतं. मुलगा संध्याकाळी घरोघर माफी मागत फिरला.

दहा दिवसांच्या हिशेबात ते ४० लिटर त्याच्याच नावावर पडले. समितीचं म्हणणं असं की दूध एकदा ताब्यात दिलं की जबाबदारी घेणाऱ्याची. सात हिस्से संस्थेचे, म्हणजे ३५ लिटरच्या विक्रीइतकी रक्कम त्याच्या अंगावर आली. आठव्या हिश्शातून ती भरून काढायला २८० लिटर विकावे लागतात. ६० लिटरच्या लाइनीवर ही जवळजवळ पाच दिवसांची कमाई, तीही इंधन न धरता.

मुलीनं बैठकीत नोंदवही पुढे केली. उत्तर मिळालं की शेऱ्याचा रकाना असल्या गोष्टींसाठी नसतो.

पंधरा दिवसांत त्या मुलानं लाइन सोडली. पुढच्या महिन्यात आणखी दोघं गेले. त्यांचं स्वतःचं दूध कधी फाटलं नव्हतं. त्यांनी फक्त पाहिलं होतं.

माझ्या मते या प्रकरणाची गाठ इथं आहे. दूध घ्यायचं की नाही हे ठरवणारा हात एक, आणि फाटल्यावर भरणारा हात दुसरा. बाकी सगळं, पहाट, थंडी, ‘शिकून दूधच घालतोस का?’ असे टोमणे, त्यांतून पोरं निभावून नेत होती.

समोर असलेले पर्याय

सहाव्या महिन्यात समितीची लांबलचक बैठक झाली. चार वाटा मांडल्या गेल्या.

थेट विक्री बंद करून सगळं दूध पुन्हा प्रकल्पाला घालावं, असं तिघांचं मत होतं. त्यात डोकेदुखी नव्हती, पण मूळ दुखणं तसंच राहत होतं. दुसरी वाट बाहेरच्या ठेकेदाराची. तो सगळ्या लाइनी घ्यायला तयार होता, फक्त दर तो ठरवणार होता. तिसरी वाट म्हणजे पोरांना ठरावीक पगार. पोरांपैकी दोघांना ती आवडली. सचिवांनी कृशकाळाचा हिशेब मांडला: दूध निम्म्यावर आलं तरी पगार तेवढाच. ते म्हणणं चुकीचं नव्हतं.

चौथी वाट होती हिस्सा वाढवण्याची, आठव्यावरून सहावा. समितीला ती पटली, कारण त्यात समितीला स्वतःचं काहीच बदलायचं नव्हतं. मलाही पटली. पाचही मुलांशी बोलून आल्यावरसुद्धा मी त्या ठरावाला मान डोलावली, हे इथं लिहून ठेवायला हवं. कमाई वाढली की बाकीचं सुसह्य होतं, असा माझा हिशेब होता.

झालं उलटंच. हिस्सा वाढल्यावर दोन नवी मुलं आली आणि त्यांनी हौसेनं लाइन ८० लिटरवर नेली. पण ज्याला रोख गिऱ्हाईक मिळत नाही तो उधारीचं घेतो. महिन्याच्या उधारीचं भांडवल १,८०० लिटरवरून २,४०० वर गेलं. सहा आठवड्यांत एकाची लाइन बसली, आणि या वेळी वडिलांचं बिल पुरतं कापलं गेलं. एक कॅन नासला तर भरून काढायला २८० ऐवजी २०० लिटर विकायचे, एवढीच काय ती सुधारणा. दोन महिने असे गेले.

मग काय केलं

दुसऱ्या बैठकीला मी एक अट घातली: सोडून गेलेल्यांपैकी निदान दोघं समोर बसतील. गोदामातला मुलगा रात्रपाळी करून आला, डोळे लाल. तपासणीची मुलगी तीच नोंदवही घेऊन आली. अध्यक्षांनी तो शेरा सगळ्यांदेखत पुन्हा वाचला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘फोनवर घे म्हणून मीच सांगितलं होतं.’ त्यानंतर बैठक पुढे सरकली.

पहिला नियम नमुन्याचा. लाइनवर जाणाऱ्या प्रत्येक कॅनमधून एक छोटी बाटली दूध घेणाऱ्याच्या समोर भरायची, दोघांनी चिठ्ठीवर सही करायची आणि दुपारपर्यंत ठेवायची. तक्रार आली तर बाटलीतलं दूध तापवायचं. तेही फाटलं तर नुकसान संस्थेचं. बाटलीतलं टिकलं आणि लाइनीवरचं फाटलं तर लाइनवाल्याचं, कारण मग कॅन अस्वच्छ होता किंवा उशीर झाला. सचिवांनी बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायचं सुचवलं. त्यावर गोदामातला मुलगा पटकन म्हणाला, ‘अहो, मग बाटलीतलं दूध कधीच फाटणार नाही आणि प्रत्येक वेळी दोष आमच्यावर येईल.’ बाटल्या फळीवर ठेवायचं ठरलं. दहा वर्षं दूध संस्थांत वावरूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसरा नियम: टेबलावरचा नकार अखेरचा. फोन चालणार नाही. सभासदाला मान्य नसेल तर अर्ध्या तासानं त्याच्यासमोर फेरतपासणी.

तिसरा, वसुलीचा. बिल आता संस्थेच्या नावानं छापील चिठ्ठीवर आठवड्याला निघू लागलं. पोरगं फक्त ते पोचवणार. प्रत्येक लाइनीमागे ६०० लिटरपर्यंतची उधारी संस्थेनं आपल्या राखीव निधीतून पेलायची, त्यापुढे उधारी द्यायचीच नाही. वडिलांच्या बिलातून कपात बंद. आठवड्याचं बिल म्हटल्यावर चारातलं एक गिऱ्हाईक गळालं. समितीत यावर आरडाओरडा झाला. लाइनवाल्या पोरांनी मात्र हाश्श केलं, कारण गळालेल्यांपैकी बरेच तेच होते ज्यांच्या दारात चारचार खेपा व्हायच्या.

चौथा, खाड्याचा. सात लाइनी आणि एक बदलीवाला. प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी. कागदावर चोख बसत होतं. पंधराव्या दिवशी बदलीवाल्यानंच विचारलं, ‘आणि माझी सुट्टी?’ सात दिवस तो सात लाइनींवर फिरत होता, आठवा दिवस आठवड्यात येत नाही. शेवटी एक लाइन मोडून सहा केल्या. तेव्हा कुठे सातवा दिवस त्याला मिळाला.

हिस्सा पुन्हा आठव्यावर आणला. यावर कोणी भांडलं नाही, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

नकाराची पहिली कसोटी

नियम लागू होऊन चार महिने झाले असतील. तपासणीच्या मुलीनं एका सभासद बाईंचं दूध लॅक्टोमीटरवर, म्हणजे दुधाची घनता मोजायच्या साधनावर, डिग्री कमी दिसते, पाणी घातलं असणार, म्हणून परत पाठवलं. बाईंच्या दोन गायी, दूध थोडं, घर केंद्राला लागून. बाई काही न बोलता कॅन उचलून गेल्या.

संध्याकाळी त्याच बाईंचं दूध जरा उशिरा आलं आणि डिग्री नीट दिसली. मुलीला शंका आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःहून त्यांचं दूध आल्या आल्या मोजलं आणि अर्ध्या तासानं पुन्हा मोजलं. डिग्री २६ वरून २८ च्या पुढे गेली. पाणी घातलंच नव्हतं. धार काढल्या काढल्या दूध आणलं की ते कोमट असतं, त्यात हवेचे बुडबुडे असतात, आणि ताज्या दुधाची घनता पुढच्या काही वेळात थोडी वाढत जाते. लॅक्टोमीटर एका ठरावीक तापमानाला धरून आखलेला असतो. दूध त्याहून गरम असेल तर तो खरं सांगत नाही. घर जवळ असणं हाच त्या बाईंचा गुन्हा ठरला होता.

मुलीनं ही चूक स्वतः समितीपुढे सांगितली. ज्यांना फोन बंद झाल्याचा राग होता त्यांना आयतं कोलीत मिळालं. ‘कालची पोर, तिच्या हातात अधिकार दिला की असंच होणार.’ नकाराचा अधिकार काढून सचिवांकडे द्यावा असा प्रस्ताव आला.

इथं समितीनं जे ठरवलं त्याला मी या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय म्हणेन. अधिकार काढला नाही. तापमापक विकत घेतला. आणि नियमातली खरी फट भरली: फेरतपासणी मागितल्यावर करायची अशी तरतूद होती, पण मागतात कोण? ज्यांच्या खिशात अध्यक्षांचा नंबर असतो ते. दोन गायींच्या बाई मुकाट्यानं घरी जातात. म्हणून नाकारलेल्या प्रत्येक कॅनची फेरतपासणी न मागताच करायची असं ठरलं. बाईंना त्या दिवसाच्या दुधाचे पैसे संस्थेनं दिले.

तपासणी ही मुळात भांडण मिटवायची गोष्ट आहे. स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये दुधातली स्निग्धता मोजायची सोपी पद्धत दिली आणि तिचं पेटंटही घेतलं नाही. पाणी घालणाऱ्याला आणि न घालणाऱ्याला मापावर सारखेच पैसे मिळण्याचे दिवस त्यानंतर सरत गेले. पण यंत्र बोललं तरी ते वाचणाऱ्याच्या शब्दाला किंमत आहे की नाही, हे यंत्र ठरवत नाही. त्या मुलीला मी नंतर विचारलं की चूक लपवता आली असती, मग सांगितलीस का? ती म्हणाली, ‘आधी माझं खरं असूनही कोणी ऐकलं नव्हतं. आता ऐकतात, मग चूक पण सांगायला नको का?’

परिणाम

बदल होऊन वर्ष उलटल्यावर सहा लाइनी, एक बदलीवाला आणि तपासणीचं टेबल असं काम चालू होतं. त्या वर्षात दोघं सोडून गेले: एक पुढच्या शिक्षणासाठी, दुसरा भांडून. आधीच्या पाच महिन्यांत पाच गेले होते. नासल्याच्या तक्रारी पाच आल्या. बाटलीनं तीन संस्थेच्या नावावर टाकल्या, दोन लाइनीच्या. त्या दोन्ही वेळा लाइनवाल्यानं निमूट भरलं.

गोदामातला मुलगा बदलीवाला म्हणून परत आला. लाइनवरची मुलगी आली नाही. तिला दुसरीकडे हिशेबाचं काम मिळालं होतं. ‘चिठ्ठीची कल्पना वर्षभर आधी सुचली असती तर’ एवढंच म्हणाली. तिच्या जागी दुसरी मुलगी आली आणि तिची वसुली इतरांइतकीच आहे.

विक्री मात्र वाढली नाही. ४२० लिटरवरून ती ३९० वर आली. समितीतला एक गट या सगळ्याला अपयशच समजतो, आणि लिटर हेच माप धरलं तर त्यांना खोटं ठरवता येत नाही. अध्यक्षांचं मत विचाराल तर, ‘दूध कमी झालं, झोप वाढली.’

तरुणांना समितीत घेण्याचा प्रयोग फसला. एक जागा दिली, पण निमंत्रित म्हणून, मताविना. तीन बैठकांनंतर तो मुलगा यायचा बंद झाला. समितीनं पुन्हा तेच म्हटलं, पोरांना रस नसतो.

पुन्हा करायचं झालं तर

सात लाइनी एकदम काढणं ही पहिली चूक. दोन लाइनी काढून एक उन्हाळा जाऊ दिला असता तर उधारीचं गणित आणि नासण्याचा प्रश्न दोन्ही लहान असताना दिसले असते.

हिस्सा वाढवायच्या ठरावाच्या वेळी मी गप्प राहायला नको होतं. पाच मुलांपैकी फक्त एकानं कमाई कमी असल्याचं सांगितलं होतं, आणि तेही चौथ्या क्रमांकावर. माझ्या वहीत ते लिहिलेलं होतं. वही उघडली नाही.

समितीतली जागा मतासह द्यायला हवी होती, निदान लाइनीच्या विषयांपुरती. धारोष्ण दुधाचा हट्टही लवकर सोडायला हवा होता. लांबच्या दोन लाइनींवर आता कूलरमधलं, ४ अंशापर्यंत थंड केलेलं दूध जातं आणि पाचही तक्रारींत त्या लाइनींची एकही नाही. थंड म्हणजे शिळं असं मानणाऱ्या गिऱ्हाइकाला समजावणं हे काम पोरांनी आमच्यापेक्षा चांगलं केलं.

एक गोष्ट अजून लोंबकळते आहे. पहिल्या आठातला जो मुलगा टिकला, त्याला आता दुसरा धंदा करायचा आहे. लाइन तो रीतसर दुसऱ्याला द्यायला तयार आहे, पण मोबदला मागतो. संस्था म्हणते गिऱ्हाईक संस्थेचं, बिलावर नाव संस्थेचं. तो म्हणतो दारं मी जोडली. गेल्या खेपेला त्यानं मला वही दाखवली. ५८ घरं, कोणाकडे कुत्रं आहे, कोणाला पाहुणे आले की किती जास्त लागतं, कोण पहाटे बेल वाजवू देत नाही, सगळं त्याच्या अक्षरात. ‘याची किंमत काय धरायची?’ त्यानं विचारलं. पुढच्या महिन्याच्या बैठकीत तो विषय आहे. या वेळी तो मुलगा बैठकीला बसणार आहे. मत असेल की नाही, ते अजून ठरायचं आहे.